वहीतला तिसरा रकाना

स्मरणिका समितीच्या बैठकीत लेखांची वाटणी झाली, तेव्हा वाचनालयाची स्थापना, नोंदणी, देणगीदार आणि इमारतीची दुरुस्ती हे विषय इतर सभासदांकडे गेले आणि माझ्याकडे ‘पावसाळी वाचन’ आले. दोन पाने पुरतील, असे समितीचे म्हणणे होते. दोन पानांत हे मावणार नाही, असे मी त्याच बैठकीत सांगितले. आपल्या वाचनालयाने गावाला जे दिले त्यातले मोठे देणे माझ्या मते या वाचनातच आहे. ते ज्या वहीत उतरले, ती वही आता हातात धरली तरी पाने सुटतात. तिच्यात काय आहे ते छापून राहावे म्हणून हा लेख.

बुरोंडीत वाचायला सवड मिळते ती पावसात. पूर्वी नारळी पौर्णिमेपर्यंत कोणी होडी लोटत नसे. आता सरकारी नियमाने १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. होड्या वर ओढून झापांनी शाकारलेल्या असतात आणि माणसे पडवीत जाळी सांधत बसतात. मुंबईचे वर्तमानपत्र दापोलीहून एस.टी.ने यायचे आणि घाटात दरड पडली की दोन दिवसांचे एकदम यायचे. ज्यांना अक्षरओळख नव्हती त्यांच्यासाठी शनिवारी संध्याकाळी कोणीतरी मोठ्याने वाचायचे, ही प्रथा आपल्या आधीच्या पिढीने पाडली. मी शाळेत असल्यापासून वाचायला बसू लागलो. समोर कंदील, भोवती पंधरा-वीस माणसे, बहुतेकांच्या हातात जाळ्याची सुई. बाजारभाव, हवामान, कोर्टातले खटले आणि अपघात ही चार सदरे लोक कान देऊन ऐकत. त्यातही अपघाताची बातमी आली की सुया थांबत.

समुद्रावर पोट असलेल्या गावात असे होणारच. शिवाय आमच्या आधीच्या पिढीने ‘रामदास’ बोटीची बातमी ऐकली होती. १७ जुलै १९४७, गटारीचा दिवस. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ती बोट काशाच्या खडकाजवळ कलंडली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. ती बोट ज्या कंपनीची होती तिला कोकणी माणूस प्रेमाने ‘माझी आगबोट कंपनी’ म्हणत असे. परक्या कंपनीच्या बोटी सोडून लोक तिच्या बोटींत बसले होते, आणि तिने बोटींना संतांची नावे दिली होती. अपघातानंतर त्या नावावरचा लोकांचा जीव उडाला. ‘रामदास’ १९३६ साली इंग्लंडात स्वॉन हंटरच्या गोदीत बांधली गेली होती, पण त्या गोदीचे नाव कोकणात कोणाला माहीत नव्हते आणि कोणी विचारलेही नाही. दोष गेला तो ज्याचे नाव तिकिटावर होते त्याच्याकडे.

होडीचे मात्र उलट असते. आमच्याकडे होडी बुडाली की पहिला प्रश्न येतो, “कुठल्या मेस्त्रीची?” दुसरा, “तांडेल कोण व्हता?” वारा किती होता, माल किती भरला होता, फळीचा जोड कधी तपासला होता, हे प्रश्न मागाहून येतात किंवा येतच नाहीत. तोवर मेस्त्रीला पुढची दोन वर्षे काम मिळणार नाही हे ठरून गेलेले असते. तांडेल जिवंत परतला नसेल तर त्याच्या बायकोला लोकांच्या नजरा सोसाव्या लागतात. ही आमची जुनी रीत आणि वही निघाली ती याच रीतीतून.

वही सुरू करणारे गृहस्थ आपल्याच गावचे. मुंबईला विमानतळावरच्या एका वर्कशॉपमध्ये त्यांनी उभी हयात काढली आणि निवृत्तीनंतर ते गावी आले. माझे नाव कुठे छापू नका, असे त्यांनी हयातीत बजावले होते, म्हणून इथेही ते देत नाही. सगळे त्यांना फोरमनकाका म्हणत. विमानातली घड्याळांसारखी दिसणारी उपकरणे उघडून, साफ करून, तपासून परत बसवण्याचे त्यांचे काम. सोबत त्यांनी एक पत्र्याची ट्रंक आणली होती आणि ती कात्रणांनी भरलेली होती.

पहिल्याच पावसाळ्यात एका अपघाताची बातमी मी वाचली आणि मागून कोणीतरी विचारले, “इमान कुनी बांधलं व्हतं?” काका म्हणाले, “कंपनीचं नाव सांगतो, पण आधी सांगा, ते कळून तुम्ही काय करणार?” कोणी काही बोलले नाही. पुढच्या शनिवारी ते दुकानदाराची असते तशी लाल कापडी बांधणीची लांब वही घेऊन आले आणि प्रत्येक पानावर तीन रकाने आखले. पहिल्यात तारीख आणि विमान. दुसऱ्यात, ‘लोक काय म्हणाले’. तिसऱ्यात, ‘काय निघाले’. दुसरा रकाना त्याच संध्याकाळी भरायचा. तिसऱ्यात चौकशीचा निकाल हाती आल्याशिवाय अक्षर लिहायचे नाही, मग त्याला दोन वर्षे लागोत की दहा. तिसऱ्या रकान्यासाठी ते चार ओळी मोकळ्या सोडत.

जुनी कात्रणे पुढ्यात घेऊन त्यांनी पहिली नोंद मागच्या तारखेची केली: २ मे १९५३, कॉमेट. जगातले पहिले जेट प्रवासी विमान, बांधणारी कंपनी इंग्लंडची डी हॅविलंड. बरोबर एक वर्ष आधी, २ मे १९५२ला, त्याची प्रवासी सेवा सुरू झाली होती आणि त्या वर्षभरात डी हॅविलंडइतके मोठे नाव विमानांच्या धंद्यात दुसरे नव्हते. कलकत्त्याच्या डमडम विमानतळावरून उडाल्यावर थोड्याच मिनिटांत ते वादळात सापडून मोडले आणि ४३ माणसे गेली. दुसऱ्या रकान्यात काकांनी लिहिले, ‘वादळ’. बंगालमधला काळवैशाखीचा वारा, त्यामुळे सगळ्यांना ते पटले. पण जानेवारी १९५४ मध्ये दुसरे कॉमेट एल्बा बेटाजवळ समुद्रात पडले आणि एप्रिलमध्ये तिसरे नेपल्सजवळ. तिथे वादळ नव्हते.

यापुढचा भाग काका फार मन लावून सांगत. ब्रिटिश आरमाराने एल्बाजवळच्या समुद्राच्या तळातून विमानाचे तुकडे गोळा केले. फार्नबरोच्या संशोधन केंद्रात एक अख्खे कॉमेट पाण्याच्या प्रचंड टाकीत ठेवले आणि आत पाण्याचा दाब वाढवायचा, सोडायचा, पुन्हा वाढवायचा असे चालू ठेवले. एक दाब म्हणजे एक उड्डाण. त्या विमानाची खरी उड्डाणे आणि टाकीतली मिळून ३,०५७ झाली तेव्हा त्याचे अंग फाटले. वर-खाली होणाऱ्या दाबाने पत्रा थकतो आणि खिडकी-झडपांसाठी कापलेल्या भागाच्या कोपऱ्यापाशी तो चिरतो, हे तेव्हा उघड झाले. तांडेलांना हे समजायला वेळ लागला नाही. एका जागी सारखा वाकत राहिलेला खिळा एक दिवस न सांगता तुटतो, हे त्यांनी हाताने अनुभवलेले असते. तिसऱ्या रकान्यात नोंद झाली: ‘पत्र्याची थकावट’.

हे सगळे उघड्यावर मांडले गेले आणि अमेरिकेतल्या कारखान्यांनी त्यावरून आपली विमाने सुधारली. डी हॅविलंडने नवे कॉमेट काढून ऑक्टोबर १९५८मध्ये अटलांटिक ओलांडणारी पहिली जेट प्रवासी सेवाही सुरू करून दाखवली, पण त्याच महिन्यात बोइंग ७०७ आले आणि गिऱ्हाइके तिकडे गेली. आपल्या एअर इंडियाकडेही १९६० साली ७०७ आले. डी हॅविलंड दुसऱ्या कंपनीत विलीन झाली. हे वाचून झाल्यावर एका म्हाताऱ्या तांडेलाने विचारले, “खरं सांगून बुडाला म्हनायचा का?” काका म्हणाले, “तो बुडाला, पण तुमचा पोरगा आज इमानात बसतो तो त्याच्या टाकीमुळे नीट उतरतो.” हे उत्तर मला तेव्हा पटले नव्हते. आता पटते.

दुसरे पान ‘काश्मीर प्रिन्सेस’चे. हे पान काकांना सर्वांत जवळचे, कारण त्यात आपली माणसे होती. एप्रिल १९५५. बांडुंगच्या परिषदेला जाणाऱ्या चिनी शिष्टमंडळासाठी एअर इंडियाचे लॉकहीड कॉन्स्टेलेशन विमान हाँगकाँगहून जकार्ताला निघाले होते. कॅप्टन होते दामोदर काशिनाथ जटार, आणि देखभालीचे इंजिनिअर अनंत श्रीधर कर्णिक. ११ एप्रिलला दक्षिण चिनी समुद्रावर स्फोट झाला, पंखाला आग लागली. कॅप्टन जटारांनी जळते विमान पाण्यावर उतरवले. १९ जणांपैकी तिघेच वाचले आणि त्यांतले एक कर्णिक. विमान सुटण्यापूर्वी ज्याने ते तपासले, तोच माणूस जिवंत राहिला, म्हणजे त्याच्याकडे काय नजरेने पाहिले गेले असेल याची कल्पना करा. कॉन्स्टेलेशन विमानांना इंजिनाच्या आगीचा जुना डाग होताच. दुसऱ्या रकान्यात काय लिहायचे हे काकांना विचारावे लागले नाही.

पण समुद्रातून सांगाडा वर काढला गेला आणि उजव्या चाकाच्या खोबणीत टाइमबॉम्ब ठेवलेला होता हे इंडोनेशियाच्या चौकशीने मे महिन्यात जाहीर केले. हाँगकाँगच्या विमानतळावर ते विमान थांबले असताना एका सफाई कामगाराने तो ठेवला होता, आणि लक्ष्य होते चीनचे पंतप्रधान चाऊ एन-लाय, जे त्या विमानात बसलेच नव्हते. लॉकहीडचे नाव धुऊन निघाले आणि मुंबईच्या हँगरमधल्या हातांचेही. कर्णिकांनी पुढे त्यावर पुस्तक लिहिले. काका ते बोट ठेवून वाचून दाखवत आणि म्हणत, तळातून पत्रा वर आला नसता तर या माणसाने जन्मभर काय उत्तर दिले असते?

आता १ जानेवारी १९७८. मुंबईत राहणाऱ्या आपल्या गावकऱ्यांपैकी अनेकांना ती रात्र आठवते. एअर इंडियाचे पहिले बोइंग ७४७, ‘सम्राट अशोक’, रात्री साडेआठनंतर सांताक्रूझहून दुबईला निघाले आणि धावपट्टी सोडल्यापासून १०१ सेकंदांत वांद्र्याच्या समुद्रात गेले. २१३ माणसे. दुसऱ्या रकान्यात काकांच्या हातचे दोन शब्द आहेत: ‘बॉम्ब’, आणि त्याखाली ‘बोइंग’.

पाणी तिथे जेमतेम दहा मीटर खोल, त्यामुळे अवशेष आणि नोंदयंत्रे हाती लागली. जे घडले ते काकांच्या धंद्यातले होते, म्हणून ते समजावण्यासाठी त्यांनी पुठ्ठ्याची एक चकती केली. अर्धी निळी, अर्धी तपकिरी, मधून जाळ्याची सुई खुपसलेली. तिच्यापुढे चौकोनी खिडकी कापलेला दुसरा पुठ्ठा. निळे म्हणजे आकाश, तपकिरी म्हणजे जमीन, मधली रेघ म्हणजे क्षितिज. विमान कलले की ही रेघ खिडकीत तिरकी दिसते. रात्री, समुद्रावर, खाली एक दिवा नसताना वैमानिकाला सरळ काय आणि तिरके काय हे सांगणारी हीच एक रेघ. त्या रात्री विमानाने उजवीकडे हलके वळण घेतले आणि सरळ झाले, पण कॅप्टनच्या समोरची रेघ उजव्या कलावरच अडकून राहिली. विमान अजून उजवीकडे कललेले आहे असे समजून त्यांनी ते डावीकडे वळवले. मग आणखी डावीकडे. फ्लाइट इंजिनिअर मधल्या तिसऱ्या, वेगळ्या उपकरणाकडे लक्ष वेधत होता, तोवर उशीर झाला होता.

काकांनी दिवा मालवला आणि सगळ्यांना डोळे मिटून बसायला सांगितले. “आता सांगा, पावसाळी रात्री वल्ही धरून बसलात, लाट बाजूने येतेय, होडी कुठल्या अंगाला कललीय?” बराच वेळ कोणी बोलले नाही. मग एकजण म्हणाला, “अंगावर भरवसा ठेवला तर माणूस चुकतो.” चकती वाचनालयाच्या कपाटात अजून आहे. तपकिरी रंग उडाला आहे, सुईच्या भोकाजवळ पुठ्ठा फाटला आहे.

मृतांच्या नातेवाइकांनी अमेरिकेत सिएटलच्या कोर्टात बोइंगवर आणि उपकरणे करणाऱ्या कंपन्यांवर दावे लावले. नोव्हेंबर १९८५मध्ये न्यायाधीश जेम्स फिट्झगेराल्ड यांनी १३९ पानांचा निकाल दिला आणि कंपन्यांवरचा निष्काळजीपणाचा आरोप फेटाळला. काकांनी तिसऱ्या रकान्यात तो लिहिला, आणि सगळ्या वहीत एकदाच, खाली एक ओळ जादा घातली: ‘उपकरण बिघडले होते हेही खरे.’ ज्या माणसाने तीस वर्षे ती रेघ सरळ ठेवण्याचे काम केले, त्याला ही ओळ लिहिल्याशिवाय राहवले नाही. मला ती बरोबर वाटते. कोर्टाने पैशाचा दोष कंपन्यांचा नाही हे ठरवले. रेघ अडकली होती, हे त्याने खोटे ठरत नाही.

१९८५चे साल वहीत तीन पाने खाते आणि तिन्ही पाने बोइंग ७४७चीच. २३ जूनला ‘कनिष्क’ आयर्लंडजवळ अटलांटिकवर फुटले, ३२९ माणसे. १२ ऑगस्टला जपानमध्ये डोंगरावर विमान आदळले, ५२० माणसे. एका विमानाच्या अपघातात इतकी माणसे त्याआधी कधी गेली नव्हती आणि नंतरही गेलेली नाहीत. होड्या अजून वर होत्या, वाचनालय भरून गेले होते. सात आठवड्यांत दोन, म्हणजे विमानातच खोट आहे असे सगळे म्हणू लागले आणि मीही म्हणालो. ‘कनिष्क’मध्ये बॉम्ब होता. जपानी विमानाची गोष्ट वेगळी. १९७८ साली त्याची शेपटी धावपट्टीला घासली होती आणि मागची दाबभिंत दुरुस्त करायला बोइंगचीच माणसे आली होती. जोडपट्टी नीट बसली नाही, जिथे रिव्हेटच्या दोन ओळींनी भार घ्यायचा तिथे एकच ओळ भार घेत राहिली. सात वर्षांनी भिंत फाटली. अपघाताला महिनाही झाला नव्हता तेव्हा बोइंगने ही दुरुस्ती आपल्याकडून चुकली असे मान्य केले.

यावर आपल्या वाचनालयात दोन शनिवार वाद चालला. एका पक्षाचे म्हणणे, कबूल केले म्हणजे संपली कंपनी. दुसऱ्याचे म्हणणे, कबूल केले म्हणूनच वाचली. दोष एका विमानाच्या एका दुरुस्तीत आहे, सगळ्या ७४७मध्ये नाही, हे जगाला कळले आणि बाकीची विमाने उडत राहिली. माझ्या मनाने दुसऱ्या पक्षाची बाजू घेतली ती तेव्हापासून.

त्यानंतरच्या वर्षीची गोष्ट आमच्या घरची आहे, पण ती या संस्थेच्या इतिहासातच बसते. आमच्या बोटीला नवे इंजिन बसवले होते. दिवाळीनंतर एका पहाटे बंदरात परत येताना ते बंद पडले, चालू होईना, आणि वारा लागून बोट लाडघरच्या बाजूला खडपावर घासली. माणसे पोहून बाहेर आली, बोटीचे एक अंग मोडले. दुपारपर्यंत हर्णेपासून दाभोळपर्यंत बातमी गेली की त्या कंपनीचे इंजिन मध्येच दगा देते. दोघांनी घेतलेले इंजिन परत करायचे ठरवले. माझ्या काकांनी, म्हणजे वडिलांच्या भावाने, विक्रेत्याच्या दुकानासमोर उभे राहून नको ते बोलून घेतले.

फोरमनकाका आमच्या पडवीत आले आणि इंजिनाला हात लावण्याआधी त्यांनी डिझेलचे पिंप दाखवायला सांगितले. पिंप अंगणात उभे होते, झाकण वर. त्यातले डिझेल त्यांनी औषधाच्या मोठ्या काचेच्या बाटलीत काढले आणि खिडकीत ठेवले. “सकाळपर्यंत कोणी हलवायची नाही.” सकाळी बाटलीच्या तळाशी दोन बोटे पाणी होते. वर पिवळसर डिझेल, खाली स्वच्छ पाणी आणि मध्ये दोऱ्यासारखी सरळ रेघ. उभ्या पिंपाच्या वरच्या कडेत पावसाचे पाणी साचते. दिवसा पिंप तापते, रात्री थंड होते आणि आतली हवा आकसली की झाकणाच्या आट्यांतून ते पाणी आत ओढले जाते. पिंप आडवे ठेवायचे आणि दोन्ही बुचे तेलाखाली राहतील असे ठेवायचे, हे विक्रेत्याने इंजिन देताना सांगितलेही होते.

माझे वडील त्या सकाळी चहा न घेता निघाले. बाटली पिशवीत घेऊन ते विक्रेत्याच्या दुकानी गेले, तिथे बसलेल्या माणसांसमोर ती ठेवली आणि चूक आमची होती असे सांगितले. मग ज्या दोघांनी इंजिन परत करायचे ठरवले होते त्यांच्या घरीही गेले. त्यांतल्या एकाने ऐकले, एकाने नाही. त्या कंपनीचे इंजिन आपल्या बंदरात पुन्हा दिसायला पुढे कितीतरी हंगाम गेले. फोरमनकाकांनी ही नोंदही वहीत घेतली. वहीत विमानाची नसलेली ती एकच नोंद आहे. तिसऱ्या रकान्यात लिहिले आहे, ‘पिंप उभे होते.’ पुढल्या पावसाळ्यात गावातल्या बहुतेक पडव्यांत पिंपे आडवी झाली, हे मी डोळ्यांनी पाहिले.

१४ फेब्रुवारी १९९०. मुंबईहून बंगळूरला गेलेले इंडियन एअरलाइन्सचे एअरबस ए-३२० धावपट्टीच्या अलीकडे गोल्फच्या मैदानावर उतरले, उसळले, बांधावर आदळले आणि पेटले. १४६ पैकी ९२ माणसे गेली. विमान ताफ्यात येऊन दोनच महिने झाले होते. संगणकावर चालणारे विमान, म्हणून आधीच लोकांच्या मनात धास्ती होती. सरकारने सगळी ए-३२० जमिनीवर बसवली आणि ती महिनोन्महिने बसून राहिली. पुढच्याच महिन्यात त्या विमानांच्या खरेदीत गैरव्यवहार झाल्याच्या आरोपावरून सीबीआयने गुन्हाही नोंदवला. खरेदी आणि बांधणी या दोन वेगळ्या गोष्टी, पण लोकांच्या तोंडी ती एकच गोष्ट झाली. दुसरा रकाना त्या पानावर पुरला नाही, समासात लिहावे लागले.

कर्नाटक उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती शिवशंकर भट यांच्या चौकशीतून जे पुढे आले ते थोडक्यात असे. खाली येण्याचा वेग ठरवणारी कळ आणि उंची ठरवणारी कळ शेजारी शेजारी. एकीवर लावायचा आकडा दुसरीवर लागला असावा. इंजिने मंद पडून राहिली आणि वेग उतरत गेला हे वेळेत ध्यानात आले नाही. दोष चालकांकडे गेला. पण दोन वर्षांनी, जानेवारी १९९२मध्ये, फ्रान्समध्ये स्ट्रासबर्गजवळ दुसरे ए-३२० डोंगरावर गेले, ८७ माणसे दगावली. तिथेही एकाच खिडकीत दिसणाऱ्या दोन वेगळ्या आकड्यांचा घोटाळा झाला असावा असे निघाले. उतरण्याचा कोन ३.३ अंश की उतरण्याचा वेग मिनिटाला ३,३०० फूट, हे पटकन कळत नव्हते. त्यानंतर एअरबसने तो आकडा दाखवण्याची पद्धत बदलली.

माणूस चुकला हे खरे असले तरी तो तिथेच का चुकला, हे विचारणारा कारखाना नाव टिकवतो. आज आपल्या मुंबईकर पोरांना गोव्याला, दिल्लीला नेणारी बहुतेक विमाने त्याच ए-३२० घराण्यातली आहेत.

काका गेल्यावर वही माझ्याकडे आली. माझ्या हातची सर्वांत जड पाने बोइंग ७३७ मॅक्सची. ऑक्टोबर २०१८मध्ये इंडोनेशियात १८९ माणसे, मार्च २०१९मध्ये इथिओपियात १५७. विमानाचे नाक आपोआप खाली ढकलणारी एक यंत्रणा बसवली होती आणि वैमानिकांच्या पुस्तिकेत तिचा उल्लेखही नव्हता. पहिल्या अपघातानंतर बोटे वैमानिकांकडे आणि विमान कंपनीकडे वळली, आणि दुसरे विमान पडेपर्यंत विमाने उडत राहिली. मग जगभर ती वीस महिने जमिनीवर बसली, बोइंगच्या प्रमुखाला पद सोडावे लागले, आणि २०२१ साली अमेरिकी सरकारशी अडीच अब्ज डॉलरची तडजोड झाली. १९८५ला एका महिन्यात स्वतःची चूक मान्य करणारी हीच ती कंपनी. हे पान लिहिताना मला फार राग आला होता आणि अक्षरात तो दिसतो.

गेल्या वर्षी, १२ जून २०२५ला, बंदीचा दुसरा आठवडा चालू असताना एअर इंडियाचे बोइंग ७८७ अहमदाबादला उडाल्याबरोबर वैद्यकीय महाविद्यालयाच्या वसतिगृहावर पडले. विमानातल्या २४२पैकी एकच वाचला. खालची माणसे धरून २६० गेली. कर्मचाऱ्यांत मुंबई-ठाण्याकडचे बरेच होते. आता वाचनालयात मोठ्याने वाचण्याची गरज राहिलेली नाही, सगळ्यांच्या हातात फोन आहे. तरी त्या शनिवारी माणसे आली. दुसऱ्या रकान्याला पहिला शब्द पाच मिनिटांत मिळाला, ‘बोइंग’. मॅक्सची आठवण ताजी होती, आणि एकदा डागाळलेले नाव लोकांना पुराव्यासारखे वाटते.

प्राथमिक अहवाल १२ जुलैला आला, तोही शनिवारच होता. उड्डाणानंतर लगेच दोन्ही इंजिनांच्या इंधनाचे खटके एका सेकंदाच्या अंतराने बंदच्या बाजूला गेले. एक वैमानिक दुसऱ्याला विचारतो की तू बंद का केलेस, दुसरा म्हणतो मी केले नाही. तशाच बनावटीच्या खटक्यांच्या अडसराबद्दल २०१८ साली अमेरिकी यंत्रणेने तपासणीची सूचना काढली होती, पण ती सक्तीची नव्हती, हेही अहवालात आहे. ऐकणाऱ्यांचे तोंड तत्काळ दुसरीकडे वळले. “म्हंजे पायलटच!” मागे बसलेला एक जुना तांडेल उठून उभा राहिला. त्याचा भाऊ चाळीस वर्षांपूर्वी होडीसकट गेला आणि होडी कशी गेली ते कधी कळले नाही. तो एवढेच म्हणाला, “तो यिऊन सांगनार हाय का?”

वहीत लिहायला आता आठवीतला एक मुलगा बसतो, त्याचे अक्षर चांगले आहे. दुसऱ्या रकान्यात त्याने ‘बोइंग’खाली ‘पायलट’ लिहिले. तिसऱ्यात काय लिहू, असे त्याने मला विचारले. मी त्याला आधीची पाने उलटून दाखवली. त्याने चार ओळी मोकळ्या सोडल्या, शाई वाळेपर्यंत वही उघडी ठेवली आणि फोनवर आलेला हवामानाचा अंदाज वाचायला घेतला.